खिडकीचा प्रश्न

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याच घरात घडलंय. मंगळवारी, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात.

मी निवृत्त शिक्षिका. घरात मी आणि नऊ वर्षांची नात, दोघीच. रोज चारला मी कॉम्प्युटरवरून सहा मुलांना गणित शिकवते. नातही त्यातलीच, ती बाहेरच्या खोलीतून तिच्या टॅबवर बसते.

मागे एका पठ्ठ्याने स्वतःऐवजी बॉट, म्हणजे बोलणारा प्रोग्रॅम, बसवला होता. पाढे घडाघडा, एकही चूक नाही. तिथेच मला संशय आला!

तेव्हापासून हजेरीला मी एकच प्रश्न विचारते.

"खिडकीतून आत्ता काय दिसतंय?"

कुणाला मांजर दिसतं, कुणाला शेजाऱ्यांचं भांडण. खरं उत्तर आलं की मी म्हणते, "माणूसच आहेस. ये आत!" मुलं खिदळतात.

माझा भाचा कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला होता, "मावशी, बॉट थापाही मारेल हं."

"मारू दे. थापाडे पकडण्यातच माझा जन्म गेलाय."

त्या मंगळवारी स्क्रीनवर मुलांच्या सहा चौकोनांशेजारी सातवा उघडला. काळा. नाव नाही. मला वाटलं, भाच्याचीच थट्टा.

"कॅमेरा बंद का रे, बाळा? खिडकीतून काय दिसतंय?"



मग एका लहान मुलाचा आवाज आला. "इथे खिडकी नाही, बाई."

"मग काय दिसतंय?"

"फटीतून तुमची पाठ दिसते. शालीचं टोक खाली लोळतंय."

मी खाली पाहिलं...

लोळत होतं.

माझ्या खुर्चीमागे अडगळीची खोली आहे. बिनखिडकीची. कडी बाहेरून लावलेली.

पण चाळीस वर्षांची सवय वाईट. बरोबर उत्तर ऐकलं की शाबासकी आधी सुटते, विचार मागून येतो.

"माणूसच आहेस. ये आत," मी म्हणून गेले.

मागे... कडी वाजली.

सातवा चौकोन नाहीसा झाला.

 सहा मुलांपैकी माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळी माझ्या खांद्यामागे बघत होती.

"आजी," नात कुजबुजली, "हलू नकोस."

संध्याकाळी भाच्याने ती खोली उलटीपालटी केली. "जुने पेपर आणि झुरळं, मावशी. बाकी काही नाही." कडी मात्र काढलेली होती. रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझे प्रश्न आहेत. मधे शांतता.

नातीने काय पाहिलं, ते ती सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.

काल ती बाहेरच्या खोलीत एकटीच सतराचा पाढा म्हणत होती. मी स्वयंपाकघरात. सतरा सत्तेला ती हमखास अडते.

अडली...

"एकशे एकोणीस," कुणीतरी हळूच सांगितलं.

बरोबर होतं.

शाबासकी सुटायच्या आत मी दोन्ही हातांनी माझं तोंड घट्ट दाबून धरलं.