काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी

बेटावर धक्का बांधायचा, तर तिथे भरतीचं पाणी कुठवर चढतं आणि ओहोटीला कुठवर उतरतं हे चौदा दिवस मुक्काम ठोकून मोजायला हवं होतं. जायचं कुणी, म्हणताच कचेरीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेवटी मोजणीदार म्हणाला, "मी जातो. घरी माझी वाट बघतंय कोण?" बायको जाऊन त्याला वर्ष झालं होतं.

म्हाताऱ्या तांडेलाने त्याला आपल्या होडीतून बेटावर सोडलं. दोघांनी मिळून पाण्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आकडे घातलेली, दोन पुरुष उंचीची काठी रोवली. "ही जागची हलली, की आधीच्या सगळ्या नोंदी फुकट," मोजणीदार म्हणाला.

"काठीचं राहू द्या, साहेब, तुम्ही जिवाला जपा," तांडेल म्हणाला. "अडचण आली तर हे लाल फडकं या बांबूवर चढवा. रोज सकाळी मासेमारीला इकडूनच जातो मी, जरा लांबून."

होडी दिसेनाशी झाली आणि बेट एकदम गप्प झालं. या टोकाची हाक त्या टोकाला जाईल एवढं ते बेट. वाळू, पक्षी आणि कमरेएवढी झुडपं. मोजणीदाराने तंबू ठोकला, तीन दगडांची चूल मांडली, कपडे वाळत घालायला दोरी बांधली. पाण्याचे चारही डबे गार राहावेत म्हणून भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या वाळूत पुरले, बांबू शेजारी टाकला. दिवसाकाठी चार नोंदी, बाकी वेळ खायला उठायचा. एका खेकड्याला तो साहेब म्हणू लागला आणि रोजचे आकडे मोठ्याने वाचून दाखवू लागला. तिसऱ्या दिवशी हातून दोन कप चहा झाला. एक त्याने संपवला. दुसऱ्याकडे बराच वेळ बघत बसला, आणि पाणी वाया नको म्हणून तोही प्याला.

आठव्या दिवशी अमावास्येचं उधाण आलं. काठीवरचा आजवरचा सर्वांत वरचा आकडा वहीत उतरवून तो खुशीत मागे वळला. डबे! तो धावला. गुडघाभर पाणी. हाताला नुसती सुटी वाळू. दोन डबे वाहून गेले होते, उरलेल्या दोहोंत खारं पाणी शिरलं होतं, बांबूचाही पत्ता नव्हता. पाणी रोज चढतंय हे स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या माणसाने डबे मात्र पहिल्या दिवसाच्या रेषेवरच ठेवले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तंबूत तांब्याभर पाणी उरलं होतं. सहा दिवस काढायचे होते. त्याने घोट मोजून घेतले, पहाटे तंबूच्या कापडावरचं दव चाटलं. अकराव्या दिवशी तांब्या कोरडा पडला, जीभ टाळूला चिकटली आणि काठीवरचे आकडे डोळ्यांसमोर नाचू लागले. लांबवर तांडेलाचं शीड नखाएवढं दिसत होतं. फडकं होतं, पण ते चढवायला बेटावर उंच असं एकच लाकूड उरलं होतं.

तो काठीला धरून उभा राहिला. दहा दिवसांचं काम हातात होतं. ते सोडलं तर आपल्याजवळ दुसरं आहे काय, या विचाराने त्याला रडू आलं. तरी त्याने जोर लावला. काठी हलली. पुन्हा जोर! ती उपटून निघाली आणि तो तिच्यासकट पाण्यात आडवा झाला. ओढत-खरडत ती त्याने वाळूवर आणली. फडक्याची गाठ मारता येईना. एकदा सुटली, दुसऱ्यांदाही सुटली. तिसऱ्यांदा मारताना त्याने मान वर केली.

शीड वळलं होतं. होडी सरळ बेटाकडे येत होती.

तांडेलाने आधी त्याला घोटघोट पाणी पाजलं. बोलता यायला लागल्यावर मोजणीदाराने विचारलं, "फडकं तर मी चढवलंच नव्हतं. तुम्ही वळलात कसे?"

"अहो, रोज जाता-येता तुमची काठी बघायचो. काठी दिसली की म्हणायचो, साहेब ठीक आहेत. आज ती आडवी झाली, मग जाळं तसंच ओढून घेतलं."

मोजणीदाराने वही उघडली. दहा दिवसांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली.

"काम पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "आणखी चौदा दिवस."

"आधी घरी चला, दोन दिवस पडून राहा. मग येऊ. या खेपेला मीही राहतो," तांडेल म्हणाला. "आणि डबे कुठे पुरायचे ते मी सांगेन."

मोजणीदाराने काठी उचलून होडीत ठेवली.