फाळक्यावर दोन थापा

ब्रेक म्हणजे इंद्रभान मिस्त्री, असं मेडशीत कोणीही सांगेल. खरं तर ती वेळ तो कोणावर येऊच देत नसे, आधी स्वतःच सांगायचा. नातवासाठी पांगुळगाडा केला तोही ट्रकच्या जुन्या बेरिंगांवर. बोट लावलं की पळायचा, आणि इंद्रभान मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्या दिवशी दुपार कलताना पवनची पिकअप त्याच्या उतरत्या अंगणात येऊन थांबली. पवननं ती तूर वाहायला नुकतीच जुनी घेतली होती.

"हँडब्रेक धरत नाई काका," तो खिडकीतून म्हणाला. "निकिताले मंगरूळले माहेरी न्यायचं हाय, दिवस भरत आले तिचे. अन् ते या गाडीत बसाले तयार नाई."

"केबल ढिली असन. त्यात काय एवढं?" इंद्रभान वाकला. मागच्या चाकाखाली एक काळा, वाकडा दगड घट्ट बसला होता. "दगड त बराबर लावला तुनं."

पवनचा चेहरा उतरला. "काका... मी अजून खाली उतरलोच कुठं?"

अंगणात वाळत्या तुऱ्हाट्यांचा वास होता. पवन खालच्या आवाजात सांगू लागला. गाडी आधी पंजाबरावची होती. त्याची बायको पंचफुला सोबत असायची. चढावर गाडी थांबली की ती उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायची अन् गाडीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा मारायची. थापा ऐकल्या की पंजाबराव ब्रेकवरचा पाय उचलायचा. एकदा घाटात हौद्यातली पोती कलंडली, धप्... धप्. त्यानं पाय उचलला. पंचफुला अजून वाकलेलीच होती.

"आता गाडी थांबली की थापा ऐकू येतात... पाहतो त दगड लागलेला."

"हट् बे! ब्रेक ढिला म्हून हे सारे थेर." इंद्रभाननं ग्रीसनं माखलेल्या हातानं दगड उचलला आणि मागच्या नाल्यात भिरकावला. "ब्रेक कसला की तुयी ते थापावाली बाई सुटली समज."

त्यानं जॅक लावून चाकं काढली, ड्रम उघडले. लायनर घासून पत्रा झाले होते. नवे बसवले, केबल ताणली, आणि ऊन उतरायच्या आत दोघं गाडी घेऊन घाटाच्या चढावर गेले. इंद्रभाननं हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली, पाय उचलला.

गाडी जागची हलली नाही.

सागाची पानं वाजत होती. पवन श्वास रोखून मागे कान देऊन बसला होता. थाप नाही... उतरून पाहिलं, दगडही नाही.

"गेली बाई," इंद्रभान म्हणाला. "तिचं काम म्या केलं." आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती गाडी पुन्हा कधी घसरली नाही, निकिताही तिच्यातच बसून माहेरी गेली.

दिवेलागणीला इंद्रभान शीळ घालत घरी आला. सून सपना ओट्यावर उभी होती. छोट्या उत्कर्षला तिनं छातीशी गच्च धरलं होतं.

"बाबा, दारावर दोन थापा तुमी मारल्या?"

"मी त आत्ता येऊन राह्यलो. काहून?"

"थापा ऐकून मी बाहेर धावली. हा गाडा धरून पार ओट्याच्या कडेपर्यंत गेलता हो..." तिला रडू फुटलं.

ओटा पुरुषभर उंच, खाली फरशीचे दगड. जगाच्या गाड्यांचे ब्रेक कसणाऱ्यानं नातवाच्या गाड्याला ब्रेकच ठेवला नव्हता. गाड्याचं पुढचं चाक कडेवर अडकून उभं होतं. चाकापुढं एक काळा, वाकडा दगड.

सपना तो उचलायला वाकली.

"हात लावू नको!" तो ओरडला. मग कंदील घेऊन स्वतःच खाली बसला. दगडावर त्याचाच पंजा उमटलेला होता, दुपारच्या ग्रीसचा, आता धूळ बसून सुकलेला. आणि त्या पंज्यावर दुसरा एक पंजा होता, लहानसा, बाईमाणसाचा. इंद्रभाननं बोट लावून पाहिलं.

तो अजून ओला होता.