छाटणीच्या तारखा

बारकूदादा काम सोडून गावी गेले म्हणून सार्थक आला. नाहीतर आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर कायम बारकूदादाच बघायचे, आणि ते आले म्हणून मी कधी केस सारखे केल्याचं मला आठवत नाही.

सकाळी त्याने करकर करणारी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं. एकट्याने सांभाळायला मिळालेलं हे त्याचं पहिलंच ऑफिस, हेही सांगून टाकलं. जाताना म्हणाला, "मॅडम, सगळं होतं तसंच आहे." वर हसलाही. मी उगाचच स्क्रीनकडे बघत बसले... स्क्रीन बंद होती.

दुपारी आभाळ भरून आलं आणि उज्वलाताईंचा निफाडहून फोन आला. ताई द्राक्षबागायतदारांना सल्ला देतात, आणि द्वारका चौकातल्या या ऑफिसात मी त्यांची एकटीच मदतनीस. संध्याकाळी पाऊस येतोय, त्याआधी फवारणी झाली नाही तर रोग घडांवर उतरेल, सगळ्यांना ताबडतोब मेसेज पाठव, असं त्यांनी बजावलं. पण कोणत्या बागेवर काय मारायचं, हे छाटणी कधी झाली त्यावर ठरतं. ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या कॉन्टॅक्ट कार्डावर तयार जागा असतात त्या नाव, फोन आणि पत्त्याच्या. म्हणून मी खपून आमचा वेगळा फॉर्म बनवला होता. त्यात छाटणीची तारीख, वाण, मागची फवारणी, सगळं एका नजरेत दिसायचं.

मी निफाडच्या सावळीरामकाकांचं कार्ड उघडलं. नाव, फोन, पत्ता... बस्स. दुसरं उघडलं, तेच.

सार्थकला मी फोनवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. द्वारकेच्या गर्दीत गाडी कुठेतरी टाकून, जुनी डिस्क छातीशी धरून तो धापा टाकत जिना चढला. खुर्चीत बसला, एक कार्ड उघडलं आणि कुठल्याशा आडबाजूच्या यादीत खाली खाली जात थांबला. तिथे तारीख होती.

"तारखा गेलेल्या नाहीत," तो म्हणाला. "त्या दाखवणारा तुमचा फॉर्म गेलाय. तो जुन्या फाईलमध्ये वेगळा ठेवलेला असतो. मी कॉन्टॅक्ट आणले, फॉर्म आणायचा राहिला."

मला रडू येईल असं वाटलं. पण प्रत्येक कार्डाच्या तळाशी जाऊन तारीख शोधायची तर पाऊस आमच्या आधी पोचला असता. त्याने जुनी डिस्क जोडली. ती दिसली, करकरली आणि गायब झाली. तो टेबलाखाली शिरून वायरी बदलू लागला. मला आठवत होत्या त्या फुलोऱ्यातल्या, जास्त धोक्याच्या बागा मी आधी घेतल्या आणि हातानेच एकेक तारीख शोधायला लागले. बाहेर अंधारून येत होतं.

तेवढ्यात ताईंचा पुन्हा फोन. हात गुंतलेले म्हणून मी स्पीकरवर घेतला. मेसेज का नाही गेले, आणि हा घोळ कोणाच्या हातून झाला, त्यांनी थेट विचारलं. सॉफ्टवेअरचंच काहीतरी झालं, असं सांगायला मी तोंड उघडलं—

"माझ्या हातून, मॅडम." तो टेबलाखालून बाहेर आला होता. "फॉर्म आणायचा मी विसरलो. यांचं काम बरोबर होतं."

ताई म्हणाल्या, हातातलं पूर्ण करा, उद्यापासून मी दुसरा माणूस बघते.

"मी निभावून नेलं असतं," मी हळूच म्हणाले.

"आणि ताईंना वाटलं असतं, तुमच्या फॉर्मचाच भरवसा नाही." तो पुन्हा वायरीकडे वळला. "ते मला नसतं चाललं."

खरं सांगते, त्याच क्षणी मला तो आवडला. भलत्याच वेळी आवडला.

पुढच्या खेपेला डिस्क दिसली. ती हलू नये म्हणून त्याने एका हाताने दाबून धरली, दुसऱ्या हाताने जुनी फाईल उघडली, त्यातला फॉर्म नव्या जागी टाकायला घेतला. "हलवू नका," तो कुजबुजला.

"मी कुठे हलवतेय..."

माझा हात त्याच्या हातावर होता. कधी गेला तिथे, कोण जाणे. त्यानेही तो काढायला सांगितलं नाही.

डिस्क एकदा करकरली आणि कायमची थंड पडली. फॉर्म मात्र आला होता. मी सावळीरामकाकांचं कार्ड उघडलं... तारीख, वाण, फवारणी, सगळं जागच्या जागी. मग बोलायला सवडच नव्हती. तो कार्डं उघडून वाचत गेला, मी मेसेज पाठवत गेले.

शेवटचा मेसेज गेल्यावर बऱ्याच वेळाने काचेवर थेंब वाजायला लागले आणि सावळीरामकाकांचा फोन आला. "पोरी, फवारा मारून ट्रॅक्टर घरी आणला अन् पाऊस आला बघ. लय बेस झालं."

फोन ठेवला तेव्हा सार्थक वायरी गुंडाळत होता. ताईंना माझ्यातर्फे सॉरी सांगा म्हणाला, आणि चूक लक्षात ठेवेन म्हणाला. पाठ फिरवूनच म्हणाला.

"आता काही बिघडलं तर दुसरा माणूस येईल," मी म्हणाले.

"हो ना."

"तुम्ही काही बिघडलेलं नसताना या."

तो वळला. "मग काम काय सांगू?"

"काम कशाला हवं? मला तुम्ही आवडता."

त्याच्या हातातली वायर सुटून जमिनीवर पडली. ती उचलायचं सोडून तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "आजच थांबलो तर?"

मी दुसरी खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली.