बाहुलीच्या मांडवातले वऱ्हाडी

"हलवू नकोस! पान उलटं कर!" दीपाचा भाऊ हर्षल कुजबुजला.

दीपानं वांग्याच्या पानावर भिंग धरलं. तांबूस ठिपके चालत होते! त्यांच्या बारीक जाळीत मोत्यांसारखी अंडी.

"लाल कोळी, रस शोषणारी कीड! तुझ्या मांडवातल्या वेलांवर पण होते ना गं?" हर्षलनं विचारलं.

दीपानं भिंग खाली ठेवलं. सुट्टीला काकांकडे बेलापूरला आल्या आल्या तिनं बाहुलीचं लग्न लावलं होतं, याच वांग्यांच्या कडेला. मांडवासाठी शेजारच्या गोरक्षबाबांनी उपटून टाकलेले घेवड्याचे रोगट वेल तिनंच, न विचारता ओढत आणले होते. वेल वाळले आणि वऱ्हाड वांग्यांवर चढलं!

"गोरखच्या रानातनंच आलंय हे!" छगनकाका किडकी पानं बघून शेजारच्या बांधाकडे हात करत कडाडले. "आता बोलनंच बंद त्याच्याशी!"

"आन् माझ्या वांग्यांचं काय?" राहीकाकू रोपांपाशी बसल्या. हंड्यानं पाणी घालून जगवलेली रोपं ती!

"ऊन तापू दे. किडं आपसूक मरत्यात," काका म्हणाले.

"मरतात का बघूच!" हर्षलनं दोन बशांत ओल्या कापसावर एकेक किडकं पान ठेवलं. एक बशी माठाजवळ गारव्याला, दुसरी पडवीत उकाड्याला.

काही दिवसांनी काकांनी भिंगातून पाहिलं. गारव्यातली अंडी अजून अंडीच. उकाड्यातल्या पानावर मात्र पिल्लांची झुंबड!

"आयला! लईच हायत की!"

"उन्हात यांची बारशी उरकतात, काका!" हर्षल म्हणाला. "पार भट्टीसारखं तापलं तर अंडी कमी होतील. पण तोवर वांगी राहतील का?"

मग सगळेच कामाला लागले. किडकी पानं खुडली, पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा मारला.

"वाचवलं गं पोरांनी!" काकूंनी दीपाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला पोळला.

"काकू, कोळी गोरक्षबाबांमुळे नाही आले. मी आणले. मांडवाच्या वेलांतून."

काका कानापर्यंत लाल झाले.

"त्याच मांडवात बसून मी गूळ-शेंगदानं खाल्लं," ते पुटपुटले. "वर मान करून बघितलं न्हाई."

काकूंनी दीपाचे डोळे पदरानं पुसले. "मघाची शाबासकी राहू दे. ही घे, आत्ताची, खरं बोलल्याची. आन् जा, गोरखभाऊंना बोलाव. खुडलेली पानं, वाळले वेल, समदं वऱ्हाड खड्ड्यात पुरू, त्यांच्याम्होरं."

दीपा बांधापर्यंत धावली. तिथं ती थबकली. पलीकडे गोरक्षबाबा एकटेच रोपांभोवती मातीची आळी करत बसले होते.

"बाबा!" तिनं हाक मारली. "तुमचे वेल मी नेले होते!"