पिवळीला भेटायला येणारा

श्रावण गजभियेचा दिवस पट्ट्या उकळण्यापासून सुरू व्हायचा. सौंसरच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात तो एकवीस वर्षांपासून ड्रेसर होता. सकाळी सातला येऊन स्टोव्ह पेटवायचा, डेगचीत पट्ट्या, चिमटे आणि सुया टाकायच्या, आणि उकळी फुटेपर्यंत अंगण झाडून घ्यायचं. बैलाचा सुजलेला खांदा, गाईचं अडलेलं वासरू, शेळीची हगवण, यातच त्याची उमर गेली होती. कुत्र्यामांजरांसाठी वेगळी खोली असते असं कोणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

सत्त्याऐंशी साली डॉक्टर सुधाकर चौरे बदलून आले. त्यांनी नागपूरला कुत्र्यामांजरांच्या ऑपरेशनचं खास शिक्षण घेतलं होतं. आल्या आल्या त्यांनी मागची कुटार-भुसा ठेवायची खोली रिकामी केली, चुना मारला, लोहाराकडून चार पिंजरे करून घेतले आणि सलाईनची बाटली टांगायला भिंतीत खुंट्या ठोकल्या. गावाला चघळायला विषय मिळाला. "मानसाले खाट भेटत नाई, अन् इथं कुत्र्याले सलाईन लावून राह्यले!" डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. ते श्रावणला एवढंच म्हणाले, "श्रावणभाऊ, कापणं-शिवणं माझं काम. पण जनावर जगतं की जातं, ते पुढच्या दहा दिवसांत ठरतं. ते दहा दिवस तुमचे."

ही गोष्ट श्रावणच्या काळजात जाऊन बसली. एकवीस वर्षांत कोणी त्याला असं काही सोपवलं नव्हतं.

मार्च महिना सरत आला होता. ऊन तापायला लागलं होतं आणि बागांमध्ये मृग बहाराची संत्री तोडायला आली होती. अशाच एका शनिवारी सकाळी मोहगावचे भगवंतराव पाटील बैलगाडीतून एक कुत्री घेऊन आले. पिवळ्या रंगाची गावठी कुत्री. रानडुकरानं तिचं पोट फाडलं होतं. पोटाभोवती मात्र जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली होती, इतकी नेटकी की श्रावणलाही नवल वाटलं. ती पट्टी नसती तर आतडी वाटेतच बाहेर आली असती.

"कोनं बांधलं, पाटील?" त्यानं विचारलं.

"भिवाजीनं बांधलं असन. आमच्या बागेचा जागल्या. ही पिवळी त्याचीच," पाटील घुश्शात म्हणाले. "मी आठ दिवस पांढुर्ण्याले माल लादाले गेलो होतो. काल सांजेले आलो तं बाग मोकळी! झोपडीत चूल थंडी, अन् ही विहिरीच्या काठावर पडून. ऐन बहारात बाग सोडून पयाला हरामखोर!"

"कुत्रीले पट्टी बांधून पयाला?" श्रावण म्हणाला.

डॉक्टरांनी अडीच तास खपून ऑपरेशन केलं. आतडी कोमट सलाईननं धुतली, फाटलेली जागा शिवली, आतून आणि बाहेरून टाके घातले. तिनं टाके चाटू नयेत म्हणून एका बादलीचं बूड कापून ती तिच्या गळ्यात अडकवली. पिवळी शुद्धीवर आली, पण डोळे उघडून पडून राहिली. रविवारी तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. सोमवारीही नाही. शेजारच्या पिंजऱ्यात शाळेच्या बाईंची पांढरी मांजर होती, पाय प्लास्टरमध्ये. तीसुद्धा दूध पिऊन गुरगुरत होती. पिवळी मात्र दाराकडे तोंड करून पडलेली.

"जखम चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "पण हिचं मनच नाही. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर कठीण आहे, श्रावणभाऊ."

मंगळवारी दुपारी एकला दवाखाना बंद झाला. डॉक्टर जेवायला घरी गेले. श्रावणनं भाताची पेज पिंजऱ्याजवळ ठेवली आणि समोरच्या कडुनिंबाखाली बसून भाकर खाल्ली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हानं दवाखान्याची टिनं कडकड वाजत होती आणि दूर कुठंतरी एक होला घुमत होता. मग होला गप्प झाला. श्रावणला एकदम सगळं फार शांत वाटलं. त्या शांततेत त्याला मागच्या खोलीतून आवाज आला... चपचप, चपचप. कुत्रं पितं तसा.

तो धावतच गेला आणि दारात थबकला.

पिंजऱ्यासमोर एक माणूस उकिडवा बसला होता. उंच, हाडकुळा, केस पांढरे, अंगात मळकी बंडी. पाठमोरा. पिंजऱ्याच्या सळयांमधून त्यानं दोन्ही हात आत घातले होते आणि त्याच्या ओंजळीतून पिवळी पेज पीत होती. तिची शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत होती. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता, पहिला नांगर फिरवल्यावर येतो तसा. पाऊस जाऊन तर सहा महिने झाले होते.

श्रावणला आधी आनंद झाला. पेज पोटात जात होती, बाकी काय पाहिजे?

"भिवाजी का रे बापा?" तो म्हणाला.

माणसानं मान थोडी हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"काहून पयाला? पाटील लय तपून हायेत." माणूस पाजतच राहिला. "बरं, बस. तिले पाज. मी पानी आनतो तुह्यासाठी."

तो माठातून पाणी घेऊन आला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. भांडं चाटूनपुसून स्वच्छ होतं. पांढरी मांजर पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. अंगावरचे केस ताठ उभे, डोळे मोठे, पण तोंडातून आवाज नाही.

पाटलाच्या भीतीनं चोरून येतो बिचारा, असं श्रावणनं मनाशी ठरवलं. डॉक्टरांनाही तो एवढंच म्हणाला, की हिचा मालक येऊन पाजून गेला. डॉक्टर खूश झाले. बुधवारी दुपारी तो पुन्हा आला. त्या दिवशी पिवळी चार पायांवर उभी राहिली.

गुरुवारी सकाळी भिवाजीची बायको आली. यमुना तिचं नाव. मोहगावपासून पायी आली होती. तळव्यांना भेगा, पदरात बांधलेली भाकर.

"जयभीम, दादा," ती दारातूनच म्हणाली. "पिवळी इथं हाय म्हन्ते. मंग माहा मानूस इकडं येईनच. तिले सोडून थो राह्यत नाई. आला होता काय कोनी?"

श्रावणनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. सहा-सात दिवस डोळ्याला डोळा न लागलेलं तोंड होतं ते.

"येते," तो म्हणाला. "रोज दुपारी येते. बरा हाय. चिंता करू नको, बाई."

यमुना मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग तिनंच डोळे पुसले, पिवळीच्या पिंजऱ्यापाशी बैठक मारली आणि म्हणाली, "आज मी हालत नाई इथून."

ती दुपारभर बसली. एक वाजला. पिवळी उठली, दाराकडे पाहून शेपटी हलवू लागली. यमुना ताडकन उभी राहिली. दारात ऊन होतं, नुसतं ऊन. पिवळी बराच वेळ त्या उन्हाकडे पाहत शेपटी हलवत राहिली, आणि मग हळूच खाली बसली. तीनच्या सुमाराला यमुना म्हणाली, "मले पाहून आला नसन. राग असन त्याले माहा. भांडून गेला होता ना घरून..." आणि निघून गेली.

शुक्रवारी तो आला. आज श्रावण आधीपासून दारात बसून होता, तरी तो कधी आत गेला ते त्याला दिसलं नाही. मातीचा वास आला म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर पिंजऱ्यासमोर तीच पाठ.

"बापा, तुही बायको येऊन गेली काल," श्रावण म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "रडून राह्यली होती. घरी जाय."

पिवळीच्या कपाळावरून त्याची बोटं फिरत होती.

"घरी जाय, म्हनलं..."

"हिले न्याचं हाय," तो म्हणाला. आवाज खोलातून यावा तसा, आधी घुमून मग कानावर येणारा. "आता नेऊ काय?"

पळून जावं असं वाटत असतानाच श्रावणला ते दहा दिवस आठवले. त्याचे दहा दिवस.

"नाई," तो कसाबसा म्हणाला. "टाके निघाल्याबिगर नाई. जखम उकलन. मरन ते..."

माणसानं सळयांमधून हात बाहेर काढला. मग म्हणाला, "मंग थांबतो."

श्रावणनं डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर पिंजरा होता आणि पिंजऱ्यात पिवळी, दाराकडे पाहणारी.

रविवारी बागेतल्या विहिरीत मोटरचा पाइप बसवायला माणसं उतरली आणि तळाच्या गाळात भिवाजी सापडला. बाजाराच्या दिवशी तो मोहगावहून निघाला होता. मीठ, तिखट, विड्यांचं बंडल, सगळं कमरेला गाठोड्यात तसंच बांधलेलं होतं. झोपडीपर्यंत तो पोचलाच नव्हता. म्हणजे पिवळीला डुकरानं फाडलं त्याच्या पाच दिवस आधीच तो मेला होता. मग धोतराची ती पट्टी कोणी बांधली? ती त्या विहिरीच्या काठावरून हलली नसावी, आणि डुकरासमोरूनही हटली नसावी.

पाटील मान खाली घालून अंत्ययात्रेला आले. त्रिशरण-पंचशील झालं. श्रावण लोकांच्या मागं उभा होता. यमुनेनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या नजरेनं तो पुढचे आठ दिवस नीट जेवला नाही. मेलेल्या माणसाला आपण जिवंत सांगितलं. त्या बाईला खोटी आस लावली.

डॉक्टरांना त्यानं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी टाके काढले, जखमेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "असं जुळून आलेलं मी नागपूरलाही पाहिलं नाही." यमुना येऊन पिवळीला घेऊन गेली. त्या दिवसानंतर दुपारी दवाखान्यात कोणी आलं नाही. शाळेच्या बाईंची मांजर पुन्हा गुरगुरायला लागली.

एप्रिलच्या मध्यात श्रावण मोहगावला गेला. जखम पाहून येतो, असं डॉक्टरांना म्हणाला. जायचं होतं ते माफी मागायला. यमुनेचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पिवळी अंगणात सावलीला पडली होती. पोटावरचे केस उगवून आले होते. यमुनेनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"बाई, माहं चुकलं," तो म्हणाला. "मी तुले म्हनलं थो येते म्हनून..."

"तुमी खोटं नाई बोल्ले, दादा. थे तीन दिवस मी पोटभर जेवली. तुमच्या शब्दावर." तिनं रिकामा तांब्या उचलला. "पन एक विचाराचं राहून गेलं. म्या त्या दिसी विचारलंच नाई. कसा दिसत होता थो?"

"पाठमोराच बसे. उंच होता. हाडकुळा. डोक्याचे केस पांढरेफेक..."

यमुनेनं हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

"माहा मानूस माह्या खांद्याएवढा होता," ती म्हणाली. "अन् केस काळेभोर. चाळिशी बी नव्हती त्याची."

दुपार टळटळीत होती. वस्तीत कुठं भांड्याचाही आवाज नव्हता.

"पाटील म्हन्ते, बागेच्या झोपडीत आता तूच राहाले ये, राखन कर," यमुना म्हणाली. "उद्या सामान घेऊन चालली मी."

"नको जाऊ."

"गेल्याबिगर कसं समजन, दादा? पोहनारा मानूस होता माहा. थो पडला नाई विहिरीत. त्याले कोनं तरी खाली वढलं..."

पिवळी उठली. अंग झटकलं, फाटकाशी गेली आणि बागेच्या वाटेनं चालू लागली. वाट रिकामी होती, तरी ती मधून न चालता कडेकडेनं चालली होती, शेजारच्याला जागा सोडावी तशी. मध्येच ती मान वर करून बाजूला पाही, आणि दोन्ही कान मागं सपाट करी, कपाळावरून हात फिरल्यासारखे.

"रोजच जाते या वक्ताले," यमुना कुजबुजली. "सांजेले येते वापस."

बांधाच्या वळणावर पिवळी थांबली. वळून तिनं यमुनेकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. ती पुढं जाईना. थांबून राहिली... आणि तिच्या बाजूला, तापलेल्या कोरड्या फुफाट्यात, कोणी ओल्या अंगानं उभं राहावं तशी हातभर जागा हळूहळू काळी, ओली होत गेली.