आमचं राहू द्या सावकाश

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा एक बूट आमच्या गिरणीसमोरच्या चिखलात रुतला होता. एका पायावर तोल सांभाळत तो अगदी गंभीरपणे विचारत होता, "धान्य वाळवायचं यंत्र इथेच ना?"

"यंत्र इथेच आहे. बूट मात्र तुमचा तुम्ही शोधा," मी म्हणाले. तो हसला... आणि माझं डोकं काही ठिकाणावर राहिलं नाही.

पूर ओसरून दोनच दिवस झाले होते. पोत्यांत ओला मका भरून सगळा गाव आमच्या यंत्राकडे डोळे लावून बसला होता. ते दुरुस्त करायचं आणि पुढच्या गावी जायचं, एवढंच या मेकॅनिकचं काम. म्हणजे जेमतेम दोन दिवस!

"आमचं राहू द्या हो सावकाश," मी म्हणून गेले. "आधी डेअरीचं बघा. मग सुताराची करवत आहे, पंप आहेत..."

"स्वतःचं मागे ठेवणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, लाजले.

सहा दिवस तो गावात इकडेतिकडे राबला, आणि चहाला मात्र न चुकता आमच्याकडे. बाहेर पावसाची भुरभुर, त्याच्या बोटांवर ग्रीसचे डाग, आणि कप घेताना ती बोटं जरा जास्तच रेंगाळायची.

"आज साखर विसरलात," तो म्हणायचा.

"साखर तळाशी आहे. ढवळायचं कोणी? तेही मीच?"

"चालेल की..."

बाबा मधूनच विचारायचे, "आपला नंबर कधी गं?" मी वेळ मारून न्यायचे.

आठव्या दिवशी यंत्र सुरू झालं. शेजारच्या काकूंनी पहिलं पोतं उघडलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. मक्याला कोंब फुटले होते. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं सगळं बियाणं होतं ते.

"तुझा काय दोष, बाळ," उलट त्याच मला म्हणाल्या. "तू सगळ्यांचा विचार केलास." त्यापेक्षा त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हत्यारं पिशवीत भरता भरता तो थांबला. "घरी आईला फोन केला होता. तुमच्याबद्दल सांगितलं. म्हटलं, इतक्या मोठ्या मनाची मुलगी—"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण काकूंचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"मोठं मन वगैरे काही नाही," मी म्हणाले. "यंत्र झालं की तुम्ही जाणार होतात... म्हणून मागे ठेवलं."

हातातला पाना त्याने पिशवीत टाकला. मग हळूच म्हणाला, "एकदा 'थांबा' म्हणायचं होतंत. यंत्र आधी केलं असतं... आणि तरीही थांबलो असतो."

त्याने पिशवी उचलली. मी हाक मारली नाही, कोणत्या तोंडाने मारणार? डोळे पुसले आणि काकूंच्या दाराची कडी वाजवली. त्यांना अजून खरं सांगायचं होतं.