प्राध्यापक व्रबांचं दोनशे बारावं कार्ड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काम अगदी साधं होतं. कॅनडात, विनिपेगच्या एका विद्यापीठात प्राध्यापक ओटाकर व्रबांच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन होतं आणि त्यांचं चरित्र मला एका फलकावर बसवायचं होतं. नागपूरला मी मेडिकलच्या मुलांना हाडं शिकवायचे. इथे त्या डिग्रीला कुत्रं विचारत नाही.

व्रबांचं चरित्र म्हणजे प्राग, महायुद्ध, मग कॅनडा. शरीररचनाशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ. माणूस भेटला की आधी त्याचं डोकं मोजायचे म्हणे, बायकोचंही मोजलं होतं. हे सगळे कौतुकाने सांगतात!

त्यांची कार्डं तळघरात होती. एका कवटीला एक कार्ड. नंबर शाईने, नाव पेन्सिलने. कवटी कपाटात गेली की नाव खोडरबराने पुसायचं, ही त्यांची शिस्त. जानेवारीतली दुपार, साडेचारलाच अंधारलेलं. दोनशे बारा नंबरचं कार्ड मी दिव्याखाली तिरपं धरलं, तर पेन्सिलीचे वळ दिसले. रोझ. वय अकरा. क्षयाचं इस्पितळ. संमतीचा रकाना कोरा.

मी नाव हळूच वाचलं. हीटरची घरघर थांबली. ओल्या लोकरीचा वास आला... आणि कपाटात काहीतरी सरकलं. मी जिना कसा चढले, आठवत नाही.

माझा सुपरवायझर अनुप पुण्याचा. सगळं ऐकून म्हणाला, "गुंजन, हा ट्रिब्यूट आहे, इन्क्वायरी नाही. तुला इथे कायमचं राहायचंय, पीआरसाठी माझं लेटर हवंय ना? मग फलकावर सगळ्या कवट्या 'डोनेटेड' लिही आणि मोकळी हो."

मी लिहिलं.

उद्घाटनाला क्री जमातीची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, एक आजी काठी टेकत आली. फलक वाचून तिने मलाच विचारलं, "माझी मोठी बहीण, रोझ. अकरा वर्षांची होती. क्षयाच्या इस्पितळात नेली, ती परत आलीच नाही. ती इथे आहे का?"

अनुप समोरच उभा होता. लेटरवर सही व्हायची होती.

"नाही," मी म्हणाले. "अशी कुणी नाही इथे."

ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं... मग आता ती तुझ्याकडेच राहील."

वर्षभराने पीआर आला. मला स्वतःची लाज वाटते, अजूनही वाटते. तरी पेढे वाटलेच. मी बेसमेंटमध्ये एकटी राहते. वरच्या मजल्यावर घरमालकीण वनिताताई. त्यांच्यापुढे डबा धरला, तर त्यांनी एक पेढा घेतला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"हा तुझ्या रूममेटला दे. तू कामावर गेलीस की किती खोकते गं ती पोर!"